गावाने गावाला फोन शिकवला

मंडळी, पूर्वी गावात पत्र आले की काय होत असे, आठवते का? मुलगा मुंबईला गिरणीत. त्याचे पत्र पोस्टमन आईच्या हातात देई. आई ते कपाळाला लावी. पण वाचणार कोण? मग ती गुरुजींचे दार धरी. नाही तर शेजारचे चौथी शिकलेले पोर पकडी. पोराला खेळायची घाई. ते चार ओळी वाची, चार गाळी, आणि "बरा आहे म्हणतोय, काळजी करू नको म्हणतोय," असे सांगून पळे. मुलाने आणखी काय काय लिहिले होते, ते आईला कधी कळतच नसे.

आता तुम्ही वाचायला शिकलात. हे पान तुम्ही स्वतः वाचता आहात. पत्र आले तर कुणाकडे जायला नको. पण पत्रच येईनासे झाले, त्याला काय करावे? आता सारे फोनवर येते. खात्यात पैसे आले की फोन वाजतो. गॅसच्या टाकीचा नंबर फोनवर लागतो. सातबारा फोनवर दिसतो. मुलीच्या शाळेची सूचना फोनवर येते. आणि आपण पुन्हा शेजारच्या पोराला हाक मारतो, "अरे बाळा, बघ रे काय आलंय!" पोर बघते. "काही नाही आजी, जाहिरात आहे," म्हणते आणि फोन परत देते. जाहिरातच होती की आणखी काही, ते देव जाणे.

आमच्या शेजारच्या वाडीवर एक विधवा बाई आहे. तिला सरकारकडून निराधाराचे महिना १,५०० रुपये मिळतात. बँक लांब. म्हणून ती बाजारच्या गावी एका दुकानात जाते. तिथे एक लहान मशीन असते. त्यावर अंगठा ठेवायचा. दुकानदार पैसे देतो. बाई दर महिन्याला जाई, अंगठा ठेवी आणि हजार रुपये घेऊन येई. "मावशी, या वेळी हजारच आलेत," असे दुकानदार सांगे. बाईला वाटे, सरकार देईल तेवढे खरे. असे सात महिने चालले.

मग काय झाले? वाडीवरची एक दहावीची मुलगी तिला फोन दाखवायला बसली. फार काही नाही. बँकेचा संदेश कसा ओळखायचा, एवढेच. बाईने नुकतेच अंक शिकले होते. फोनवर अंक इंग्रजी होते, पण ते असून असून दहाच. ते तिने चार दिवसांत पाठ केले. मग ती एकेक संदेश उघडून बघू लागली. एक, पाच, शून्य, शून्य. खाली पुन्हा तेच. त्याच्या खाली पुन्हा तेच. आले पंधराशे, गेले पंधराशे. हातात मात्र हजार. सात महिन्यांचे साडेतीन हजार रुपये दुकानदाराच्या गल्ल्यात!

बाई भांडली नाही. वाडीवरच्या बचत गटाच्या आठ बाया घेऊन दुकानात गेली आणि फोन पुढे धरला. पैसे परत मिळाले. दुकानदाराचे नाव आम्ही इथे लिहीत नाही.

जुन्या काळी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवत. त्यात काय लिहिले आहे ते अंगठा उठवणाऱ्याला ठाऊक नसे. म्हणून तर साक्षर व्हा, साक्षर व्हा, असे सगळे सांगत राहिले. आता कागद गेला, काचेचे मशीन आले. अंगठा मात्र तोच राहिला. अक्षर आले तरी फोन येत नसेल, तर माणूस अर्धा निरक्षरच म्हणायचा. शब्द कठोर आहे. पण आम्ही तो विचार करूनच लिहिला आहे.

हे शिकवणार कोण? सरकारने वर्ग काढले नाहीत असे नाही. २०१७ साली खेड्यांतल्या सहा कोटी लोकांना शिकवायचे ठरवून केंद्र सरकारने मोठी योजना सुरू केली. ती २०२४ च्या मार्चमध्ये संपली. कोट्यवधी लोकांनी नाव नोंदवले. खूप जणांना प्रमाणपत्र मिळाले. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या घरात ते प्रमाणपत्र चौकट करून भिंतीला लावले आहे. पण त्यांचा फोन अजून त्यांचा नातूच चालवतो! दहा-वीस तासांचा वर्ग झाला, परीक्षा झाली, मास्तर निघून गेला. पुढे अडले तर विचारायचे कुणाला? पोहायला शिकताना जसे, तसेच हे आहे. विहिरीच्या काठावर कुणी तरी ओळखीचे उभे पाहिजे, आणि ते रोज पाहिजे.

अशी रोजची माणसे एका गावाने उभी केली. त्या गावाची हकीकत आता सांगतो.

आपल्या कोकणाच्या किनाऱ्याने दक्षिणेला जात राहिले, की गोवा लागते, मग कर्नाटक, आणि मग केरळ. तिथे नारळ, मिरी, रबर आणि भरपूर पाऊस. भाषा मल्याळम. शिक्षणात हे राज्य पहिल्यापासून पुढे. तिथला एर्नाकुलम जिल्हा १९९० साली पूर्ण साक्षर झाला. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९९१ ला, सारे राज्य पूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर झाले. ते जाहीर कुणी केले, सांगा पाहू? मंत्र्याने नव्हे. चेलक्कोडन आयिशा नावाच्या एका बाईने. ती स्वतः उतारवयात साक्षरता वर्गात अक्षर शिकली होती. कोझिकोडच्या मैदानावर हजारो लोकांपुढे ती उभी राहिली.

याच केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात, पुल्लमपारा नावाची पंचायत आहे. डोंगरउताराचा मुलूख. शेतमजूर पुष्कळ. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायाही पुष्कळ. (रोजगार हमी ही मूळची आपल्या महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात ती इथे वाढली आणि मग साऱ्या देशात गेली.) या बायांची मजुरी बँकेत जमा होई. पण ती जमा झाली की नाही, हे कळायचे कसे? त्यासाठी कामाचा दिवस बुडवून बँकेत जायचे, रांगेत उभे राहायचे. खिडकीवरचा बाबू म्हणणार, "अजून आली नाही." पुन्हा एक दिवस बुडवायचा. मजुरी आली का हे बघायला मजुरीच बुडवायची! फोन तर पुष्कळ घरांत होता. पण त्यावर खाते बघता येते, हे कुणी सांगितलेच नव्हते.

तेव्हा २०२१ साली तिथल्या चार जाणत्या माणसांनी आणि पंचायतीने मिळून ठरवले, की आपणच आपल्या माणसांना शिकवायचे. बाहेरून मास्तर येईल याची वाट बघायची नाही.

आधी त्यांनी घरोघर जाऊन मोजदाद केली. कुणाला काय येते, काय येत नाही. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे काम हेच. कारण वर्ग काढला की आधी कोण येतो? ज्याला थोडेफार येते तोच येतो. ज्याला काहीच येत नाही तो लाजून घरी बसतो. त्याच्या दाराशी जावे लागते, ओट्यावर बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, तेव्हा कुठे तो सांगतो, "मला हिरवं बटण आणि लाल बटण एवढंच कळतं." अशी मोजदाद केल्यावर ३,९०० च्या आसपास माणसे निघाली. एका पंचायतीत एवढी!

मग शिकवणारे गोळा केले. ते कोण होते? कॉलेजची आणि शाळेची मुले, वाचनालयाची माणसे आणि कुटुंबश्रीच्या बाया. कुटुंबश्री म्हणजे केरळातले बायांचे गट. आपल्याकडच्या बचत गटासारखे. १९९८ साली ते सुरू झाले आणि आता त्या राज्यात असे गाव नाही जिथे ते नाहीत. या सगळ्यांना आधी शिकवायचे कसे ते शिकवले, आणि मग माणसांत सोडले.

वर्ग कुठे भरला? शाळेत नाही. रोजगार हमीच्या कामावर भरला. दुपारी बाया भाकरी खायला बसतात, आपल्याकडेही बसतात आणि तिकडेही. तिथे झाडाखाली मुले जाऊन बसली. गटाची बैठक असली की बैठकीत जाऊन बसली. जो घराबाहेर पडू शकत नाही त्याच्या घरी गेली. आधी १४ ते ६५ वयाच्या लोकांचा विचार होता. पण म्हातारी माणसे काही ऐकेनात. "आम्ही काय पाप केलं?" म्हणाली आणि मुलांसमोर येऊन बसली.

शिकवले काय, तेही ऐका. फोन सुरू कसा करायचा, बंद कसा करायचा. नाव घालून नंबर कसा साठवायचा. दूर असलेल्या मुलाचे तोंड बघत कसे बोलायचे. केरळची पुष्कळ माणसे अरबांच्या मुलखात कामाला आहेत, त्यामुळे हा धडा सगळ्यांना आधी हवा होता. फोटो काढून पाठवायचा कसा. हवे ते गाणे, हवी ती माहिती शोधायची कशी. विजेचे बिल, गॅसची टाकी, खात्यातली शिल्लक. आणि शेवटी पैसे द्यायचे कसे आणि लुबाडणाऱ्यापासून जपायचे कसे. प्रत्येकाची परीक्षा झाली. परीक्षा लेखी नव्हती. "हा फोन घ्या, फोटो काढा, मला पाठवा," अशी परीक्षा.

तीन हजारांच्या वर माणसे तयार झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळच्या मुख्यमंत्र्यांनी पुल्लमपारा ही डिजिटल बाबतीत पूर्ण साक्षर पंचायत म्हणून जाहीर केली. अशी ती राज्यातली पहिलीच.

एका पंचायतीला जमले ते राज्याने उचलले. घरोघरची मोजदाद साऱ्या केरळात झाली. ८३ लाखांवर कुटुंबे धुंडाळली. ज्यांना काहीच येत नाही अशी २२ लाखांच्या आसपास माणसे सापडली. शिकवायला अडीच लाखांच्या आसपास स्वयंसेवक पुढे आले. पगार नाही, भत्ता नाही. २१ ऑगस्ट २०२५ ला सारे राज्य डिजिटल साक्षर झाल्याचे जाहीर झाले. शिकणाऱ्यांत नव्वदी ओलांडलेली माणसे १५ हजारांच्या वर होती. आता सांगा, "आमचं वय झालं" ही सबब कशी चालेल?

कुणी म्हणेल, "ते केरळ आहे गुरुजी. आपल्याकडे कुठलं जमायचं?"

का नाही जमणार? आपल्याकडे हे एकदा जमले आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे तिच्या गोष्टी सांगत. सबंध गाव एकदम साक्षर करायचे, एकही प्रौढ माणूस मागे ठेवायचा नाही, असा तिचा बेत. दिवसभर शेतात राबून आलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसत. शाळेचे मास्तर शिकवत, शिकलेले तरुण शिकवत, काही घरांत तर मुलगा बापाला आणि सून सासूला शिकवी. गाव पुरे झाले की ग्रामगौरवाचा समारंभ होई. त्या दिवशी गावाला जत्रेचे रूप येई. पुढे ही मोहीम राज्यभर गेली. पुल्लमपाराने केले ते वेगळे काय आहे? पाटीच्या जागी फोन, एवढेच.

मात्र फोन शिकवण्यात एक अडचण आहे आणि ती पाटीच्या वेळी नव्हती. पाटी नातू हिसकावून घेत नसे. फोन तो हिसकावून घेतो! आजी विचारते, "बाळा, हे कसं करायचं?" बाळ म्हणते, "दे इकडे, मी करतो." दोन बोटे फिरवते, काम झाले, फोन परत. आजीचे काम झाले, पण आजी शिकली का? उलट तिला वाटले, हे आपल्याला येणारच नाही. आम्ही पस्तीस वर्षे मुलांना शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो, मुलाचे गणित मास्तरने सोडवून दिले की मुलाचे नुकसान होते. इथेही तेच. म्हणून शिकवणाऱ्या मुलामुलींना आमची पहिली आणि कडक ताकीद अशी असते: हात पाठीमागे बांधा. फोन शिकणाराच्या हातातून घ्यायचा नाही. तोंडाने सांगा. "वर बघा. हिरवे गोल दिसते? त्यावर बोट टेकवा. दाबू नका, नुसते टेकवा." ती चुकेल. चुकू द्या. तीन वेळा चुकेल, चौथ्या वेळी जमेल. आणि ते जमल्यावर तिचा चेहरा बघा.

राबलेल्या हातांचीही एक गोष्ट आहे. नांगर, खुरपे धरून बोटाची कातडी जाड होते. काच ते बोट ओळखत नाही. मशीन ठसा घेत नाही. माणूस घाबरतो, "माझं बोटच खराब आहे." बोट खराब नाही. ते पुसून कोरडे करा, दुसरे बोट लावून बघा, आणि फोनवर बोट जोराने दाबू नका. शहरातल्या मास्तराला हे ठाऊक नसते.

शिकायला सुरुवात कुठून करावी? ज्याची गरज असेल तिथून. ज्या आईची लेक पुण्याला आहे, तिला आधी लेकीचे तोंड दाखवा. मग ती बाकीचे आपणहून विचारील. शेतकरी असेल तर त्याला पिकाची नोंद शिकवा. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहायचे, उभ्या पिकाचा फोटो फोनवरून पाठवायचा. त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढते. नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाईला किंवा सरकारी खरेदीला अडचण येते. शेत आपले, पीक आपले, आणि नोंदीसाठी मात्र दुसऱ्याच्या मागे फिरायचे, हे बरे नव्हे. सातबाराही आता सरकारी डिजिटल सहीचा मिळतो. २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून ही सोय झाली. त्याची सरकारी फी १५ रुपये. कुणी पन्नास मागितले तर वरचे पस्तीस त्याच्या मेहनतीचे, हे समजून मग काय ते द्या.

फोन इंग्रजीत असतो, म्हणून पुष्कळांचे अडते. यावर उपाय सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये भाषा बदलता येते. तिथे 'मराठी' असे आपल्या अक्षरांत लिहिलेले दिसते. त्यावर बोट टेकवले की फोन मराठी होतो. नव्याने अक्षर शिकलेल्यांना याचा दुहेरी फायदा. फोनही येतो आणि वाचनही पक्के होते. लिहायला जमत नसेल तर माइकचे चित्र शोधा. त्यावर बोट टेकवून बोला. "उद्या पाऊस आहे का?" असे मराठीत विचारले तरी फोनला कळते.

बँकेचा संदेश मात्र बहुधा इंग्रजीतच येतो. तिथे दोन खुणा ओळखल्या तरी पुरे. 'क्रेडिट' म्हणजे पैसे आले. 'डेबिट' म्हणजे पैसे गेले. कुठे हे शब्द पुरे नसतात. 'सी' आणि 'आर' अशी दोनच अक्षरे असतील तर आले. 'डी' आणि 'आर' असतील तर गेले. ही अक्षरे कशी दिसतात ते कुणाकडून तरी चार वेळा गिरवून घ्या. वाडीवरच्या त्या बाईने हीच गिरवली होती.

आता ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांचे काय? किंवा घरात एकच फोन आहे आणि तो मालकाच्या खिशात असतो, मालक सकाळी बाहेर पडतो तो रात्री येतो, त्या घरातल्या बाईने शिकायचे कधी? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर गोड बोलण्याने मिळणार नाही. बाईची मजुरी, बाईची योजना, बाईच्या नावाचे खाते, आणि नंबर नवऱ्याचा! संदेश येतो तो नवऱ्याला. तिला कळत नाही. आम्हाला वाटते, बचत गटाने यात पडले पाहिजे. गटाच्या पैशातून एक फोन घ्यावा, तो गटात ठेवावा, आळीपाळीने त्यावर शिकावे. आणि ज्या बाईला जमेल तिने आपल्या नावाचे सिम घेऊन बँकेत आपला नंबर लावावा. स्वयंपाकघराइतकाच तोही आपला हक्क आहे.

साध्या बटणांच्या फोनवर काहीच होत नाही, असे मात्र समजू नका. *९९# हा नंबर लावला की इंटरनेट नसतानाही खात्यातली शिल्लक बघता येते, पैसे पाठवता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बटणांच्या फोनसाठी बोलून पैसे पाठवायची सोयही सुरू केली. तुमचा नंबर बँकेत नोंदलेला असला म्हणजे झाले.

रेंजचे दुखणे वेगळे. डोंगरातल्या वाड्यांवर फोनला रेंज नाही, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. पोरे टेकडीवर जाऊन अभ्यास करतात. ग्रामपंचायतींपर्यंत जमिनीतून तार न्यायचे काम २०११ सालापासून देशात चालू आहे. तुमच्या पंचायतीपर्यंत ती तार आली आहे का, हे ग्रामसभेत उठून विचारा. आली असेल तर डबा कपाटात कुलूप लावून ठेवला आहे की चालू आहे, हेही विचारा. चालू असेल तर पंचायतीच्या ओट्यावर बसणाऱ्याला तो वापरू द्या म्हणावे. रात्री दोन तास ओट्यावर दिवा आणि इंटरनेट मिळाले तर वर्गाला दुसरी जागा कशाला शोधायची?

आता लुबाडणाऱ्यांविषयी. यावर थोडे सावकाश वाचा.

फोन शिकला की चोरही त्याच फोनवर येतो. चोर फार गोड बोलतो. म्हणतो, "तुम्हाला पाच हजार रुपये आलेत, फक्त पिन टाका." इथे एक गोष्ट ध्यानात धरा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. दुसरा म्हणतो, "फोनवर सहा अंकी नंबर आलाय, तो सांगा." तो नंबर म्हणजे तुमच्या पेटीची किल्ली. बँकेचा माणूस तो कधी विचारत नाही. तिसरा खाकी कपडे घालून फोनवर दिसतो आणि म्हणतो, "तुमच्या नावावर गुन्हा आहे. तुम्हाला फोनवर अटक केली आहे. खोलीतून हलू नका, पैसे भरा." मंडळी, फोनवर अटक करायचा कायदा या देशात नाही. असा फोन आला की ठेवून द्या. शिकली-सवरलेली, मोठ्या हुद्द्याची माणसेही याला फसली आहेत, तेव्हा फसलात तर लाजू नका. लाजून गप्प बसले की चोराचे फावते. लगेच १९३० या नंबरला फोन लावा. हा सरकारचा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी गेलेले पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त. दुसऱ्या दिवशी सांगू, असे म्हणू नका.

आणि अंगठ्याच्या मशीनवर? अंगठा ठेवण्याआधी विचारा, "शिल्लक किती?" मग रक्कम सांगा. अंगठा एकदाच ठेवा. "उमटला नाही, पुन्हा ठेवा," असे म्हटले तर आधीचा व्यवहार झाला नाही याची पावती मागा. पैसे मोजून घ्या, पावती घ्या, फोनवरचा संदेश तिथेच उभे राहून वाचा. गर्दी असली तरी हटू नका. ज्यांना अंगठ्यावर पैसे काढायचेच नसतात, त्यांना आपल्या आधारच्या ठशाला कुलूप लावून ठेवता येते. लागेल तेव्हा उघडता येते. हे काम शिकलेल्या माणसाला बरोबर घेऊन करा.

तुमच्या गावात हे सुरू करायचे असेल तर फार तयारी लागत नाही. पाच-सहा मुले-मुली, एक वही आणि दोन-तीन फोन. दोन दिवस घरोघर जाऊन वहीत नावे लिहा. कुणाला काय येते, ते नावापुढे लिहा. वस्ती कुठलीही सोडू नका. गावकुसाबाहेरच्या घरांपासूनच सुरुवात केली तर उत्तम. एका शिकवणाऱ्याकडे पाचापेक्षा जास्त माणसे देऊ नका. सुगीच्या दिवसांत वर्ग ठेवू नका, कुणी येणार नाही. पहिल्या रात्री नुसते तिघा माणसांचे नंबर नाव घालून साठवायला शिकवा: घरचा एक, दवाखान्याचा एक, आणि तिसरा १९३०. पंचायतीच्या भिंतीवर हा तिसरा नंबर चुन्याने ठळक लिहून ठेवा, मराठी अंकांत एकदा आणि त्याच्या खाली इंग्रजी अंकांत एकदा.